मंगलला नावं ठेवण्याआधी

वर्डमधला मजकूर मंगल या विंडोजच्या देवनागरी फॉन्टमध्ये गेला की ओळी फाकतात, दोन पानांचा अर्ज तिसऱ्या पानावर सांडतो आणि फॉन्ट करणाऱ्याचा उद्धार होतो. करणारे होते र. कृ. जोशी (१९३६–२००८). जाहिरातक्षेत्रात नाव कमावलेले, पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइन विभागाचे प्राध्यापक, सुलेखनकार आणि कवीसुद्धा. बोरूवर एवढी हुकमत असलेल्या माणसाने इतकं सपाट अक्षर का काढलं असेल?

कारण ते कागदासाठी नव्हतंच. मंगल विंडोज २०००सोबत आला. तेव्हाच्या पडद्यावर वाचनाचं अक्षर जेमतेम पंधरा-सोळा पिक्सेल, म्हणजे पडद्याच्या ठिपक्यांच्या, उंचीत बसवायचं, त्यातच वर मात्रा-रफार आणि खाली उकार. रेघ एक पिक्सेलची किंवा दोनची, दीड पिक्सेल मिळत नाही. बोरूच्या तिरक्या छाटातून येणारा जाड-बारीक चढउतार तिथे दाखवायला गेलं की ष आणि घ यांची पोटं बुजतात. म्हणून रेघ जवळपास एकाच जाडीची आणि पोटं मोकळी. लग्नपत्रिकेत तो रुक्ष दिसणारच.

खरं काम मात्र आकारांच्या मागे आहे. त्याआधीचे बरेचसे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवत. जागा २५६पेक्षा कमी, आणि समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल तर मजकुराचा कचरा. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या समाईक संकेतप्रणालीत मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठतो आणि मांडणी फॉन्टमधले नियम व अक्षरं जुळवणारं विंडोजचं इंजिन मिळून करतात. ‘दिवस’मध्ये द आधी, वेलांटी नंतर, पण पडद्यावर वेलांटी उडी मारून द-च्या डावीकडे यायला हवी. ‘सर्वांनी’मधला र साठवणीत व-च्या आधी असतो, तो रफार होऊन कान्यावर चढतो, शिवाय शेजारी अनुस्वार. विंडोज एक्सपीवर गुंतागुंतीच्या लिप्यांचा पर्याय बसवलेला नसला की ‘दिवस’चं ‘दविस’ दिसायचं. दोष फॉन्टचा नसे, इंजिन बंद असे. हे नियम देवनागरीसाठी नीट लिहून झाले, त्यात जोशी आणि मुंबईच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेचा वाटा मोठा. माझ्या मते जोशींचा वारसा हाच, भिंतीवर लावायच्या सुलेखनापेक्षा मोठा.

आता फाकलेल्या ओळींचं. अक्षराच्या वर तीन थर (मात्रा, रफार, अनुस्वार) आणि खाली उकार किंवा उभी जोडाक्षरं, एवढी जागा फॉन्टने ओळीतच राखून ठेवली आहे. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ओळअंतर ‘एक्झॅक्टली’ करून १२ पॉइंटच्या अक्षराला १८ ते २० पॉइंट द्या. १५वर आणलंत तर मात्रांची टोकं छाटली जातील. अक्षराचा आकार बदलूनही मराठी ढिम्म राहत असेल तर कंट्रोल-डी दाबा, तिथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा फॉन्ट आणि आकार वेगळा असतो.

मंगलला सुरुवातीला ठळक वजनच नव्हतं. संगणक साधं अक्षरच फुगवायचा. ठळक मंगल विंडोज ७मध्ये आला. विंडोज ८पासून निर्मला यूआय हा नवा फॉन्ट आला, आणि विंडोज १०मध्ये मंगल ऐच्छिक झाला. त्यामुळे जुनी फाइल नव्या मशीनवर उघडली की दुसराच फॉन्ट लागतो आणि पानांचे आकडे हलतात. विंडोजच्या सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स बसवले की प्रश्न मिटतो.

कुठलाही नवा फॉन्ट घेताना मी म्हणेन ही ओळ टाइप करा: दऱ्या, आचाऱ्यांना, सर्वांनी, हृदय, ट्रॅक्टर, ॲप. ‘आचाऱ्यांना’मधला ऱ्य बिघडला तर तो फॉन्ट मराठीसाठी बाद, कारण तिथे रफार आला की स्वयंपाकी जाऊन गुरुजी येतात. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या मजकुरात अ आणि चंद्र वेगवेगळे टाइप केलेले सापडतात, दिसायला बऱ्याचदा सारखेच. शोध मात्र जुळत नाही. जुनं लिखाण नव्या ठिकाणी हलवताना फाइंड-रिप्लेसने अ+चंद्रच्या जागी एकसंध ॲ घाला, नाहीतर काही ठिकाणी चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं.