मेकफाइलमधल्या चाचण्या रस्टमध्ये आणताना

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरला, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाला, हजारो चाचण्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा आकार अगदी साधा आहे: एक फाइल कंपायलरला द्यायची आणि त्याने छापलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी ताडून पाहायचा. काही गोष्टी मात्र या साच्यात बसत नाहीत. एक लायब्ररी बांधायची, तिच्यावर दुसरी बेतायची, मग पहिलीत बदल करून पुन्हा बांधायची. सी भाषेतला तुकडा जोडून लिंकर (बांधलेले तुकडे एकत्र सांधणारा प्रोग्राम) काय करतो ते बघायचे. कंपायलरने तयार केलेल्या ऑब्जेक्ट फाइलमधली चिन्हे, म्हणजे फंक्शन वगैरेंची नावे, तपासायची. अशा चाचण्या ‘टेस्ट्स’ डिरेक्टरीतल्या ‘रन-मेक’ या विभागात राहतात आणि वर्षानुवर्षे त्यांतली प्रत्येक चाचणी म्हणजे एक मेकफाइल, ‘मेक’ या साधनाने क्रमाने चालवायच्या कमांडांची फाइल, होती. 2024 च्या सुरुवातीला प्रकल्पाने त्यांच्यासाठी रस्टमध्येच लिहिलेली एक साहाय्यक लायब्ररी आणली, जुन्या चाचण्या एकेक करून तिच्यावर नेण्याचे ठरवले, आणि नवोदितांना मुक्त-स्रोत प्रकल्पांत काम देणाऱ्या त्या वर्षीच्या ‘गूगल समर ऑफ कोड’ या कार्यक्रमातही हे काम एक स्वतंत्र प्रकल्प म्हणून ठेवले. मी त्या कार्यक्रमात नव्हतो. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात स्वयंसेवक म्हणून काही चाचण्या मी हाती घेतल्या. तो अनुभव येथे जरा तपशिलाने मांडतो, कारण बाहेरून हे काम नुसत्या नकलेचे वाटते आणि त्यातला खरा भाग नकलेच्या पलीकडचा आहे.

सुरुवातीला नमुना म्हणून बदललेल्या चाचण्यांत ‘ए-बी-ए लिंकर गार्ड’ नावाची एक चाचणी होती. मी काम शिकलो ते तिची जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी ठेवून. चाचणीचा आशय असा: ‘ए’ ही डायनॅमिक (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी) लायब्ररी एका पर्यायाने बांधायची, ‘बी’ हा प्रोग्राम तिच्यावर बांधून चालवायचा, नंतर ‘ए’मधल्या फंक्शनच्या पॅरामीटरचा प्रकार बदलेल अशा दुसऱ्या पर्यायाने ती लायब्ररी पुन्हा बांधायची, आणि मग जुना ‘बी’ चालता कामा नये. तो चालला, तर एका प्रकाराचे मूल्य दुसऱ्या प्रकाराचे समजून वापरले जाईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. मेकफाइलमध्ये हे सगळे पाच ओळींत होते. शेवटची ओळ ‘फेल’ या मॅक्रोला, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या कमांडला, बोलावत असे. हा मॅक्रो सर्व चाचण्यांना सामाईक असलेल्या ‘टूल्स.एमके’ या फाइलमध्ये होता आणि त्याचा अर्थ एवढाच होता की प्रोग्राम चालवा, तो यशस्वी झाला तर एक हा एक्झिट कोड देऊन बाहेर पडा, नाही तर शून्य देऊन बाहेर पडा; शून्य म्हणजे यश, बाकी काहीही म्हणजे अपयश.

ही व्याख्या पुन्हा वाचून पाहावी. प्रोग्राम अयशस्वी होणे आणि प्रोग्राम मुळात तिथे नसणे यांत ती काहीच फरक करत नाही. फाइल सापडली नाही तर शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) 127 हा कोड देते, तो शून्य नाही, म्हणजे मॅक्रोच्या लेखी चाचणी उत्तीर्ण. या विशिष्ट चाचणीत ‘बी’ आधी एकदा चालवून पाहिलेला असल्यामुळे धोका नव्हता. पण तोच मॅक्रो जिथे जिथे वापरला आहे तिथे तिथे आधीची पायरी नीट बघणे भाग होते. नव्या लायब्ररीतले ‘रन_फेल’ हे फंक्शन प्रोग्राम सुरूच करता आला नाही तर तिथल्या तिथे थांबते, आणि प्रोग्राम चालून अयशस्वी झाला तरच समाधान मानते.

पाइपची, म्हणजे एका कमांडचे आउटपुट दुसरीला देण्याची, गोष्टही याच जातीची आहे. कंपायलरचे आउटपुट ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडकडे वळवून त्यात अमुक शब्द आहे का हे पाहणारी ओळ मेकफाइलमध्ये फार सहज लिहिली जाते. साध्या शेलमध्ये अशा ओळीचा निकाल म्हणजे पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा निकाल. कंपायलर यशस्वी झाला की कोसळला हे मेकला कळतच नाही. अशी ओळ रस्टमध्ये आणताना प्रत्येक वेळी ठरवावे लागते की येथे कंपायलर यशस्वी व्हायला हवा होता की अयशस्वी, कारण ‘रन’ किंवा ‘रन_फेल’ यांपैकी एक लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. अपयशाच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. रस्टचा कंपायलर तुमच्या कोडमधली चूक दाखवून थांबतो तेव्हा एक्झिट कोड 1 असतो आणि तो स्वतःच आतून कोसळतो तेव्हा 101. जी चाचणी एका जुन्या अंतर्गत बिघाडावर पहारा ठेवण्यासाठी लिहिली आहे तिला नुसते ‘अयशस्वी झाला’ एवढे पुरत नाही. तो बिघाड परत आला तरी ती उत्तीर्ण होईल. तिथे कोड 1 च आहे असे स्पष्ट लिहावे लागते.

चाचणीला नेमके काय राखायचे आहे हे मात्र मेकफाइल सहसा सांगत नाही, म्हणून माझा सर्वाधिक वेळ कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात गेला. 2023 च्या सुरुवातीला या साऱ्या चाचण्या ‘एसआरसी’ या डिरेक्टरीच्या पोटातून वरच्या पातळीवर हलवल्या गेल्या आणि ‘रन-मेक’चा एक जुना जोडविभागही नंतर त्यात विलीन झाला. त्यामुळे ओळ कोणी लिहिली असे गिटला विचारले की अनेकदा नुसती हलवाहलव करणारी कमिट (नोंदलेला बदल) समोर येते. तिच्या मागे, त्याहून मागे जात मूळ कमिट गाठावी लागते. तिथे बहुधा एका तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि ती तक्रार वाचली की कोड्यासारखी दिसणारी ओळ उलगडते. उगाच वाटणारी मोकळी फाइल का तयार केली आहे, कमांड लागोपाठ दोनदा का दिली आहे, विशिष्ट डिरेक्टरी आधी का पुसली आहे, याची उत्तरे तिथेच होती. नवी चाचणी लिहिताना सुरुवातीला टिप्पणी म्हणून तो हेतू आणि मूळ तक्रारीचा दुवा लिहायचा, असा शिरस्ता पडला आहे. या साऱ्या कामातला सर्वांत टिकाऊ भाग मला तोच वाटतो.

भाषांतर लिहून झाल्यावर चाचणी उत्तीर्ण झाली, यावर मी विश्वास ठेवत नसे. ती अनुत्तीर्ण होऊ शकते हे पाहिल्यावरच पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवत असे. वरच्याच चाचणीचे उदाहरण घेतले तर ‘ए’ दुसऱ्यांदा बांधण्याची ओळ तात्पुरती काढायची; आता जुना ‘बी’ सुखाने चालायला हवा आणि त्यामुळे चाचणी लाल व्हायला हवी. जी चाचणी असा पाया काढून घेतल्यावरही हिरवीच राहते ती काहीही तपासत नसते.

नव्या पद्धतीचा फायदा पहिल्यांदा जाणवला तो चाचणी अशी मोडल्यावरच. मेक फक्त कोणती पायरी फसली हे सांगत असे. तपासणीच्या ओघात कंपायलरने छापलेला मजकूर हरवू नये म्हणून आधी सगळे छापून मग शोधणारी एक वेगळी शेल स्क्रिप्ट प्रकल्पाने बाळगली होती. आता पूर्ण कमांड, तिचे दोन्ही आउटपुट आणि चाचणीतला नेमका ओळक्रमांक एकत्र मिळतो. फाइल वाचता आली नाही तर कोणती फाइल हेही कळते. एक बारीकशी सोय मला विशेष आवडते: कमांड रचली पण चालवायची राहिली, तर ती वस्तू नष्ट होताना चाचणीच थांबवते. विसरलेली ओळ गुपचूप निसटत नाही.

यानंतर उरते ती वेगवेगळ्या प्रणालींची बाब, आणि ती दमवणारी आहे. त्याच लायब्ररीला लिनक्सवर आरंभी ‘लिब’ आणि शेवटी ‘.एसओ’ लागते, मॅकवर शेवट ‘.डायलिब’ होतो, विंडोजवर एमएसव्हीसी हा मायक्रोसॉफ्टचा साधनसंच वापरला तर आरंभीचे ‘लिब’ही नाही आणि शेवट ‘.डीएलएल’. जुन्या फाइलींत यासाठी अटींचे थर होते. आता नाव देणारे एक फंक्शन पुरते. पाथमधली उलटी तिरपी रेघ आणि विंडोजच्या ओळींचा वेगळा शेवट यांचा मात्र ज्याचा त्याने विचार करावा लागतो. माझ्या लिनक्स यंत्रावर यांतले काहीच दिसत नसे. म्हणून पुल रिक्वेस्टच्या वर्णनात कोणत्या यंत्रणांवर चाचणी हवी त्यांची नावे लिहायची आणि अधिकार असलेल्या समीक्षकाने ‘बॉर्स’ या बॉटला तशी चाचणी-फेरी सुरू करायला सांगायचे, अशी सोय आहे. विंडोजवरच्या एमएसव्हीसी आणि मिनजीडब्ल्यू (जीएनयूची साधने वापरणारी) या दोन्ही फेऱ्या, आणि तयार झालेला प्रोग्राम बांधणाऱ्या यंत्रावर चालूच शकत नाही अशी एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरची फेरी, या तिन्ही मी सहसा मागत असे.

काम चालू असताना पायाही बदलत होता. आरंभी प्रत्येक चाचणीला तात्पुरत्या डिरेक्टरीचा पाथ हाताने जोडावा लागे. 2024 च्या मध्याला प्रत्येक चाचणीसाठी स्वतंत्र डिरेक्टरी तयार करून तिच्या साऱ्या फाइली तिथे उतरवण्याची पद्धत आली आणि तोवर बदललेल्या चाचण्यांतून तो जोड पुन्हा काढावा लागला. काढताना कंटाळा आला, पण चाचण्या कितीतरी अधिक वाचनीय झाल्या. दुसरा निर्णय मला अधिक महत्त्वाचा वाटतो. चाचणीची कृती आता स्वतः रस्टमध्ये असल्याने ती कोणत्या तरी कंपायलरने बांधावी लागते. ज्याची परीक्षा घ्यायची त्यालाच परीक्षक नेमता येत नाही. म्हणून कृती बांधायला आधीच्या टप्प्यावरचा, तयार स्वरूपात उतरवून घेतलेला कंपायलर वापरतात आणि नव्याने बांधलेला कंपायलर फक्त त्या कृतीच्या आतून बोलावला जातो.

2025 च्या सुरुवातीला मेकफाइलचा आधार चाचणी-यंत्रणेतून पूर्णपणे काढण्यात आला आणि त्याबरोबर ‘टूल्स.एमके’ही गेली. बदललेल्या बऱ्याच चाचण्यांच्या माथ्यावर ‘विंडोजवर वगळा’ ही सूचना मात्र अजून आहे. तिच्यामागे कधी खरे तांत्रिक कारण असते, तर कधी मेकफाइलला लागणारे शेल विंडोजवर धड चालत नव्हते एवढेच. कोणते कुठले हे फाइल वाचून कळत नाही. सूचना काढून एमएसव्हीसीची फेरी लावली की कळते. सध्या मी तेच करतो आहे. वगळण्याचे कारण खरे निघाले तर ते सूचनेशेजारी टिप्पणीत लिहून ठेवतो आणि पुढची चाचणी उघडतो.