रग्बीचे फोटो काढायचेत? बॉलच्या मागं पळू नका

सोलापुरात रग्बी म्हटलं की अजूनही निम्मी जनता विचारते, "ते हेल्मेट घालून खेळतात तेच का बे?" ते नाही. ते अमेरिकन फुटबॉल. रग्बीत हेल्मेट नसतं, फार तर डोक्याला मऊ स्क्रमकॅप आणि तोंडात माउथगार्ड, म्हणजे चेहरा अख्खा उघडा, आणि फोटो काढणाऱ्याला अजून काय पाहिजे.

मी प्रेसवाला वगैरे नाही हां. नोकरी सांभाळून रविवारची हौस. बॉडी जुनी क्रॉप सेन्सरवाली, म्हणजे छोट्या सेन्सरची, लेन्स ७०-३००. "७०-२०० एफ २.८ घेऊन टाक" (जास्त उजेड घेणारी महागडी लेन्स) म्हणणारे भरपूर भेटतात, त्यातला एकही पैसे देत नाही. पण खरं सांगू का, रग्बीत लेन्सच्या आधी एक नियम डोक्यात बसायला पाहिजे: हाताने बॉल पुढे देता येत नाही, पास बाजूला किंवा मागंच. त्यामुळे अटॅक करताना बॉलवाला पुढे आणि त्याची टीम तिरक्या लाइनीत त्याच्या मागं पळत असते. आता तुम्ही टचलाइनच्या, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेच्या, मधोमध उभं राहिलात तर मिळणार काय, कानशिलं, दंड, आणि पुढे निघून गेले की पाठीवरचे नंबर. त्यापेक्षा ट्राय लाइनच्या (जिथं बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, म्हणजे पॉइंट) पलीकडं, मैदानाच्या हद्दीबाहेर, कोपऱ्याच्या बाजूला जाऊन बसा. सगळे तुमच्याकडंच तोंड करून येतात. बॉलवाला, त्याला धरायला मागून लागलेला, आणि लांब हात वर करून "दे, दे" ओरडणारा, तिघं एका फ्रेममध्ये. फक्त कोपऱ्यातल्या झेंड्याला चिकटून बसू नका, तिथं ट्राय मारायला पोरं आडवी झेप घेतात आणि झेंड्यासकट अंगावर येतात.

बसायच्या आधी समोर काय आहे ते बघा. आपल्याकडं रग्बीचं वेगळं मैदान कुठलं, फुटबॉलच्या नाहीतर शाळेच्या ग्राउंडवर फक्की मारून काम चालतं, त्यामुळे मागं गाड्यांची रांग, पाण्याचे जार, आणि कुठल्यातरी दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स हमखास. टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडणं, कितीही भारी मिळू दे, मागून दादा हात जोडून हसत असले की संपलं. म्हणून मी खाली बसतो, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर कॅमेरा, की फ्लेक्स खेळाडूंच्या मागं झाकला जातो नाहीतर वर आभाळ येतं.

पण हे सकाळी. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दहा-साडेदहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा अशी हलायला लागते की ३०० एमएमवर साठ-सत्तर मीटरवरचा खेळाडू पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. नवीन पोरं म्हणतात लेन्सचा फोकस गेला. लेन्सला काही झालेलं नसतं, मधली हवा खराब असते, आणि त्यावर दहा लाखाची लेन्ससुद्धा काही करू शकत नाही. खाली बसलं की तर जास्तच, कारण जमिनीलगतची हवा सगळ्यात गरम. मग दुपारी उभं राहायचं आणि लांबचं सोडून द्यायचं, ॲक्शन जवळ येईपर्यंत बोट आवरायचं. त्यात आपली माती काळी, खालून उजेड परत येत नाही, डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी एकदम काळ्या पडतात. मी एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप वाढवतो, पांढरी जर्सी थोडी जळाली तर जळाली. शटर १/१००० च्या खाली नाही, आयएसओ ऑटो, फोकस कंटिन्युअस. सेटिंगचं एवढंच, बाकी यूट्यूबवर आहे.

इथं मला बघायला मिळतं ते बहुतेक सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी. सात-सात मिनिटांचे दोन हाफ, मधे जेमतेम दोन मिनिटं. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये जे खेळले तेच, फिजीने फायनलला ब्रिटनला ४३-७ असं धुतलं आणि त्यांच्या देशाचं पहिलंच ऑलिम्पिक मेडल डायरेक्ट सोन्याचं आलं. पंधरा जणांचा खेळ असतो त्याच मापाच्या मैदानावर इथं सातच जण, म्हणून फ्रेम मोकळी मिळते, पण एकजण सुटला की सुटलाच. आणि ट्राय झाली म्हणून स्क्रीन बघत बसायचं नाही. कन्व्हर्जनची, म्हणजे ट्रायनंतरच्या जादा पॉइंटांची, ड्रॉपकिक (बॉल जमिनीवर सोडून उसळताच मारायची) तीस सेकंदात मारावी लागते आणि पुढचा किकऑफ पॉइंट घेतलेली टीमच मारते, पंधराच्या खेळाच्या बरोब्बर उलटं. हे माहीत नसलं तर कॅमेरा चुकीच्या टीमवर रोखलेला राहतो.

सगळ्यांना टॅकलचा फोटो पाहिजे असतो. मला विचाराल तर खरा फोटो टॅकलनंतरचा. पडलेल्यांवरून दोन्हीकडचे ढकलतायत, धाप लागल्याचा आवाज टचलाइनपर्यंत येतोय, आणि त्या ढिगाच्या बुडाशी एकजण वाकलेला, दोन्ही हात बॉलवर, नखांत काळी माती, ओठांतून निळा माउथगार्ड अर्धा बाहेर आलेला. त्याची नजर मात्र बॉलवर नसते, पास कुणाला द्यायचा ते शोधत बाजूला गेलेली असते. फोकस त्या डोळ्यांवर ठेवा, बॉल आपोआप येतो फ्रेममध्ये.

शाळेतल्या पोरापोरींचे सामने असले तर आधी कोचला आणि पालकांना विचारूनच कॅमेरा काढा. या खेळात जर्सी ओढल्या जातात, वर जातात, तसल्या फ्रेम मी तिथंच मैदानावर डिलीट मारतो, कितीही शार्प असू देत. आणि फोटो द्यायचे तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एवढ्या उन्हात मिळवलेला शार्पनेस तिथंच मरतो.

मागं एका कॉलेजच्या पोराचा टॅकलचा एकदम खतरा फोटो मिळाला, हवेत आडवा, तोंड वाकडं, मातीचा फवारा. वाटलं खूश होईल. दोन मिनिटांत फोन आला, "अण्णा, लई भारी आलाय, पण तेवढा ग्रुपवर टाकू नका ना. आईला अजून फुटबॉलच सांगितलंय."