शैवाकातले उपरे

दगडावरचा राखाडी पोपडा नखानं खरवडून बघावासा वाटतो. पण खरवडू नये. दगडाला घट्ट चिकटून राहणारं शैवाक (लायकेन) वर्षभरात अनेकदा मिलिमीटरभरही वाढत नाही, त्यामुळं तळहाताएवढा पोपडा आपल्यापेक्षा वयानं मोठा असण्याचीच शक्यता जास्त.

शैवाक ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवाल यांची जोडी आहे, असं स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडलं, तेव्हा शैवाकांचे भलेभले अभ्यासक खवळले. पुढं ही जोडी पाठ्यपुस्तकात जाऊन बसली. जीवाणू मात्र राहिले प्रयोगशाळेतली कटकट म्हणून.

कटकट खरीच. शैवाकाचा तुकडा थेट आगरवर, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, ठेवला की काही दिवसांतच जीवाणूंच्या चिकट वसाहती पसरतात. बुरशी डोळ्यांना दिसेपर्यंत आठवडे जातात, कधी महिने. त्यात माध्यम साखर आणि पेप्टोनचं (पचवलेल्या प्रथिनांचं) असेल तर जीवाणूंची चंगळच. म्हणून बुरशी हवी तर बीजाणू पकडायचे. शैवाकावरच्या बशीसारख्या पिकलेल्या फळकाया धुऊन भिजवायच्या, टिपकागदानं टिपायच्या आणि पेट्री डिशच्या झाकणाला आतून व्हॅसलिननं चिकटवायच्या. खाली नुसतं पाणी आणि आगर. सुकता सुकता त्या बीजाणू उडवतात. टिपण्यात कुचराई झाली तर थेंब खाली पडतो आणि जीवाणूंना आयती वाट मिळते.

इतकं झटकूनही न जाणारी मंडळी नुसती धूळ-घाण कशी असेल? चमकणारे रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा काही शैवाकांत ग्रॅममागं दहा कोटींपर्यंत जीवाणू निघाले, त्यांत अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या जीवाणूगटाचा भरणा. फॉस्फेट विरघळवण्याची, जीवनसत्त्वं बनवण्याची जनुकं त्यांच्यात सापडतात. अर्थात, जनुक आहे म्हणजे काम चालूच आहे, असं नव्हे.

आणि गंमत म्हणजे काही शैवाकांत जोडीदारच जीवाणू असतो. नॉस्टॉक हा सायनोबॅक्टेरिया (सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न बनवणारा जीवाणू) बुरशीला ग्लुकोज देतो, शिवाय हवेतला नायट्रोजनही. पेल्टिजेरा ॲफ्थोसा या शैवाकात मात्र कर्बोदकांचं काम हिरव्या शैवालाकडं. नॉस्टॉकला वरच्या पृष्ठावरच्या काळपट पुळ्यांत कोंडून जवळजवळ नायट्रोजनपुरतंच ठेवलेलं. म्हणून तिथं त्याच्या नायट्रोजन पकडणाऱ्या पेशींचं प्रमाण एरवीच्या कित्येक पट.

या पुळ्या बघायला दहापट भिंग पुरे. पाण्याचा फवारा मारून काही मिनिटं थांबावं. पृष्ठ हिरवंगार होतं, पुळ्या काळ्याच राहतात. नुसत्या दमट हवेवर हिरवं शैवाल कामाला लागतं. नॉस्टॉकला मात्र खरोखरचं पाणी लागतं.