लेक डिस्नी वर्ल्डमध्ये झाडू मारते: एका वडिलांची बाजू

आमची लेक अमेरिकेतल्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला मानसशास्त्र शिकते आणि या फॉल सेमिस्टरमध्ये, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरच्या सत्रात, ती फ्लोरिडातील वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये, डिस्नी कॉलेज प्रोग्राममधून, मॅजिक किंगडम या उद्यानाच्या स्वच्छता विभागात काम करते आहे. अमेरिकेतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत ही बातमी पोहोचली तेव्हा काहींना वाटले की पोरगी चार महिने मजा करायला गेली, तर काहींनी काळजीने विचारले, ‘एवढी फी भरून शेवटी हातात झाडूच घ्यायचा होता का?’ दोन्ही बोलणी आपुलकीची होती, पण ही एक नोकरी आहे, हे दोन्हींतून निसटले होते. तिच्याकडे नोकरी म्हणूनच पाहावे, कष्टाच्या नोकरीला द्यायचा तो मान द्यावा आणि पगार, तास, तब्येत आणि शिक्षण यांविषयी जे प्रश्न कोणत्याही नोकरीबाबत विचारले असते ते इथेही विचारावेत, असे मला मनापासून वाटते.

डिस्नी कॉलेज प्रोग्राम हा उपक्रम १९८१ पासून चालू आहे. कोविडमुळे मार्च २०२० मध्ये तो थांबवण्यात आला आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. वयाची अठरा वर्षे पूर्ण केलेला, महाविद्यालयात शिकणारा किंवा नुकताच पदवीधर झालेला विद्यार्थी अर्ज करू शकतो. राइडवर माणसे बसवणे, खाण्याच्या काउंटरवर किंवा दुकानात उभे राहणे, तरणतलावावर जीवरक्षक होणे, झाडलोट करणे अशी कामे असतात. पसंती विचारली जाते, पण हाती काय पडेल हे कंपनी ठरवते. नावात ‘कॉलेज’ असले तरी पदवीसाठीचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रमाचे गुणांक, कंपनी देत नाही. ते द्यायचे की नाही, आणि दिले तर कोणत्या विषयाखाली, हे ज्याचे त्याचे विद्यापीठ ठरवते. पालकांनी पहिला फोन डिस्नीच्या मदतकेंद्राला नव्हे, तर मुलांना त्यांच्या शैक्षणिक सल्लागाराकडे करायला लावावा, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

आता कामाविषयी. लांब दांड्याची सुपली आणि तसाच झाडू घेऊन ती तिला नेमून दिलेल्या भागात फिरत राहते. वाकायचे नाही, थांबायचे नाही, चालता चालता कागदाचा कपटा सुपलीत घ्यायचा आणि पुढे जायचे, ही मनगटाची लकब तिला साधायला बराच वेळ लागला. कुणाला उलटी झाली की प्रथम लोकांना बाजूने वळवायचे, मग त्यावर शोषून घेणारी पावडर टाकायची, ती घट्ट झाली की उचलायची आणि जागा जंतुनाशकाने पुसायची. फ्लोरिडाच्या उन्हात, आइस्क्रीम खाऊन गरगर फिरणाऱ्या राइडमध्ये बसलेल्या मुलांच्या गर्दीत, हा प्रसंग नवलाचा नसतो. रात्री आतषबाजी संपली की सगळी गर्दी एकदम मेन स्ट्रीट या उद्यानातल्या मुख्य रस्त्यावरून दाराकडे वळते. ती ओसरली की मागे उरलेले पेले, पॉपकॉर्न आणि फुटलेले फुगे गोळा करण्याचे खरे काम सुरू होते, आणि उद्यान बंद झाल्यावरही ते बराच वेळ चालते.

झाडूवाल्या माणसाला लोक सर्वांत जास्त प्रश्न विचारतात, हे मला तिच्याकडूनच कळले. राइडवरचा कर्मचारी जागेला बांधलेला असतो, दुकानातल्याच्या समोर रांग असते. झाडू घेऊन फिरणारा मात्र मोकळा वाटतो. प्रसाधनगृह कुठे आहे, इथपासून ते हरवलेल्या मुलापर्यंत सगळे त्याच्याकडे येते. तिथल्या प्रशिक्षणात एका प्रश्नाचे उदाहरण आवर्जून सांगितले जाते: ‘तीन वाजताची परेड किती वाजता आहे?’ विचारणाऱ्याला तीन वाजतात ते ठाऊक असते. ती परेड आपण उभे आहोत त्या कोपऱ्यावर किती वाजता पोहोचेल, मुलाला तोवर शीला नेऊन आणायला वेळ आहे का, सावली कुठे मिळेल, हे त्याला विचारायचे असते. मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीने, शब्द एक आणि गरज दुसरीच असलेली माणसे दिवसभर ऐकावीत, याहून चांगले प्रात्यक्षिक मला तरी सुचत नाही. सुरक्षितता, सौजन्य, समावेशकता, सादरीकरण आणि कार्यक्षमता हे पाच निकष तिथे याच क्रमाने शिकवले जातात. प्रत्येक निर्णयात आधी सुरक्षितता आणि शेवटी वेग, हा क्रम वयाच्या विसाव्या वर्षी हाडीमांसी मुरला तर तो पुढे कुठल्याही कामात उपयोगी पडेल.

झाडूविषयी आपल्या लोकांना जे वाटते, त्याबद्दल स्पष्टच लिहितो. आपल्याकडे झाडलोट हे पिढ्यान्‌पिढ्या जन्माने ठरवून दिलेले काम होते, आणि ते करणाऱ्याला शिवूही न देणारी व्यवस्था आपल्याच समाजाने चालवली. समुद्र ओलांडून आलो, मुले इथे जन्मली, तरी ‘झाडू’ या शब्दाला आपला आवाज जो खाली येतो तो तिथून येतो. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली आणि मग रात्री कीर्तन केले, हे आपण शाळेत शिकलो. पण स्वतःच्या मुलीच्या हातात तो आला की आपल्याला अवघडल्यासारखे होते. माझ्या लेकीला ते ओझे वाटत नाही. ती आपल्या कामाविषयी बोलते तेव्हा आवाज खाली येत नाही, आणि यातच मला या सेमिस्टरची निम्मी फी वसूल झाल्यासारखी वाटते.

एवढे म्हणून झाल्यावर पैशांकडे वळले पाहिजे, कारण कौतुकाच्या भरात पालक नेमके तिथेच डोळे मिटतात. पगार दर आठवड्याला मिळतो आणि राहण्याचे भाडे त्यातूनच कापले जाते. ‘फ्लेमिंगो क्रॉसिंग्ज व्हिलेज’ ही विद्यार्थ्यांची वसाहत डिस्नीच्या जागेच्या पश्चिम टोकाला आहे. घर सामायिक असते, सामान असते आणि कामावर नेणाऱ्या बसही असतात. मात्र हा सगळा परिसर सुमारे पंचवीस हजार एकरांचा असल्यामुळे बसचा वेळ, कपडे बदलण्याचा वेळ आणि आपल्या जागेपर्यंत चालण्याचा वेळ धरला तर शिफ्टच्या बरेच आधी घराबाहेर पडावे लागते आणि बसमधल्या वेळाचे पैसे मिळत नाहीत. मॅजिक किंगडमखाली कर्मचाऱ्यांसाठी रुंद भुयारी मार्ग आहेत. खरे तर ते जमिनीच्या पातळीवरच बांधलेले आहेत, कारण तिथे पाणी फार वर लागते, आणि १९७१ मध्ये उघडलेले ते उद्यान त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर उभे आहे. आमच्या लेकीचे दिवसाचे पहिले चालणे या मार्गांतूनच होते.

भाडे ठरलेले असते, तास मात्र आठवड्यागणिक बदलतात. म्हणून मुलांबरोबर बसून कमी तासांच्या आठवड्याचा हिशेब मांडावा, भरपूर तासांच्या आठवड्याचा नव्हे. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, पण विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी आहे ते राज्य ही मिळकत बहुधा आपल्या करात धरते. शिवाय आपल्याच विद्यापीठात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या, कपातीतून जी सूट मिळते, ती इथे लागू होत नाही. फ्लोरिडाच्या मतदारांनी २०२० मध्ये मंजूर केलेल्या दुरुस्तीनुसार राज्यातील किमान वेतन टप्प्याटप्प्याने वाढून ३० सप्टेंबर २०२६ रोजी ताशी १५ डॉलर होते, आणि डिस्नी वर्ल्डमधील कामगार संघटनांनी २०२३ मध्ये केलेल्या करारात नियमित कामगारांचा किमान दर त्या वर्षाअखेर ताशी १८ डॉलर ठरला. हे आकडे समोर ठेवले की एक गोष्ट लक्षात येते: तिथली मजुरी कुणाच्या उदारपणाने वाढलेली नाही, मतदारांनी आणि संघटित कामगारांनी ती वाढवून घेतली. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून आपली मुले काही महिने झाडतात, त्यांतले कित्येक जण याच पगारावर घर चालवतात. आपली मुले परत येतील. त्यांना तिथेच राहायचे आहे. ही जाण मुलांना यावी, असे मला वाटते.

सर्वांत जास्त वेळ आम्ही घातला तो शैक्षणिक कर्जाच्या नियमांवर, आणि पालकांनी तो घालायलाच हवा. केंद्रीय शैक्षणिक कर्ज घेतलेला विद्यार्थी अर्धवेळपेक्षा कमी प्रवेशावर आला की सहा महिन्यांची सवलतीची मुदत सुरू होते आणि ती संपली की हप्ते सुरू होतात. मे महिन्यात वर्ग संपले आणि फॉलमध्ये नावच नोंदवले नाही, तर ही मुदत मेपासून मोजली जाऊन नोव्हेंबरातच संपू शकते. मुलगी ‘नुसते एक सेमिस्टर’ बाहेर असते, आणि कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीच्या दप्तरी मात्र तिचे शिक्षण संपलेले असते! मुदत संपण्याआधी पुन्हा निदान अर्धवेळ प्रवेश घेतला तर पूर्ण सहा महिने परत मिळतात. ती एकदा संपली की पुन्हा मिळत नाहीत. बहुतेक विद्यापीठांत पदवीच्या विद्यार्थ्यासाठी अर्धवेळ म्हणजे सहा क्रेडिट. आमच्या लेकीने म्हणूनच दोन विषय ऑनलाइन घेतले आहेत. रात्री दीडला परत येऊन सकाळी संख्याशास्त्राचा गृहपाठ करणे तिला जड जाते, हे तिच्या आवाजावरून कळते, पण हा निर्णय तिचा होता आणि तो तिने कागदावर आकडे मांडून घेतला. शिष्यवृत्तीचे वेगळेच असते: पूर्णवेळ प्रवेशाची अट असेल तर एका सेमिस्टरचा खंड चालेल का, हे आर्थिक साहाय्य कार्यालयाकडून लेखीच घ्यावे. तोंडी ‘चालेल’ वर विसंबू नये.

तब्येतीचे थोडक्यात सांगतो. मूल सव्वीस वर्षांचे होईपर्यंत पालकांच्या आरोग्य विम्यात राहू शकते, वर्गात असो वा नसो. पण विम्याचे डॉक्टर दुसऱ्या राज्यात असतीलच असे नाही, ते जाण्याआधी पाहावे. मूल अठराचे झाले की त्याच्या संमतीवाचून डॉक्टर पालकांना माहिती देण्यास बांधील नसतात, म्हणून आरोग्यविषयक मुखत्यारपत्र निघण्याआधीच सही करून ठेवावे. आणि फॉल सेमिस्टर म्हणजे चक्रीवादळांचा काळ. १ जून ते ३० नोव्हेंबर हा त्याचा ठरलेला हंगाम. २०२२ च्या ‘इयन’ आणि २०२४ च्या ‘मिल्टन’ वादळांत उद्याने बंद ठेवावी लागली होती. कोरडा खाऊ, पाणी, बॅटरी आणि औषधे यांची एक पिशवी भरून तिच्या खोलीत ठेवली आहे.

दिवाळीला ती घरी नव्हती. नाताळच्या आठवड्यातही उद्यानात सर्वाधिक गर्दी असते आणि सुट्टी मागून मिळत नाही. सणावारी काम करणाऱ्या परिचारिका, बसचालक आणि पोलीस यांच्या घरच्यांना हे नवीन नाही, आम्हाला होते. तिची आई अभ्यंगस्नानाच्या वेळी फोन करायला निघाली, तेव्हा लेक नुकतीच झोपली असेल म्हणून मीच तिला थांबवले. दुपारी लेकीचाच फोन आला. आदल्या रात्री एका आजोबांना श्रवणयंत्र सापडत नव्हते, तिने आणि तिच्या सोबतच्या दोघींनी बाकाखालचा आणि झुडपांतला सगळा कचरा हाताने चाळून ते शोधून दिले, हे ती सांगत होती. आजोबा काय म्हणाले हे मी विचारले, तर तिने सांगितले की ते काहीच बोलले नाहीत, त्यांनी यंत्र कानात घातले आणि नातवाला ‘आता बोल’ म्हणाले.

मुक्काम वाढवण्यासाठी अर्ज करता येतो, आणि तिच्या मनात ते होते. आम्ही हो किंवा नाही म्हटले नाही. आर्थिक साहाय्य कार्यालयाला आणि सल्लागाराला तिनेच पत्र लिहावे, एवढे सुचवले. उत्तर आले की शिष्यवृत्ती दुसऱ्या सेमिस्टरसाठी राखून ठेवता येणार नाही, आणि पदवीसाठी लागणारे संशोधन पद्धतींचे प्रात्यक्षिक तिच्या विभागात फक्त स्प्रिंगमध्येच होते. ते चुकले तर पदवी वर्षभर पुढे जाईल. तिने दोन दिवस विचार केला आणि जानेवारीच्या वर्गांसाठी नाव नोंदवले. पदवीनंतर पुन्हा अर्ज करायचा तिचा विचार आहे, आणि त्या वेळी पसंतीत पहिला क्रमांक ती स्वच्छता विभागालाच देणार आहे.