तीन डोळ्यांचा मोसुरा

"पण तिसरा डोळा कशाला?" मोबाइलवरचं चित्र मोठं करत भाचीने विचारलं. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

मोसुरा फेंटोनी. कॅनडाच्या बर्जेस शेल या जीवाश्मांनी भरलेल्या खडकांमधला, ५०.६ कोटी वर्षांपूर्वीचा, बोटाएवढा शिकारी. खेकडे, कोळी, झुरळं यांचा फार लांबचा चुलता. २०२५ मध्ये त्याच्यासाठी नवी प्रजातीच मांडावी लागली. धडाच्या मागच्या टोकाला कल्ल्यांनी भरलेले १६ खंड! काही दगडांत तर रक्ताच्या पोकळ्यांचे चकचकीत ठसेसुद्धा टिकलेत.

मला मात्र हुरहुर लागली ती वेगळ्याच गोष्टीची. अभ्यासलेल्या नमुन्यांपैकी एक खुद्द चार्ल्स वॉलकॉट यांनी, म्हणजे बर्जेस शेल शोधणाऱ्या शास्त्रज्ञाने, गोळा केलेला. ते गेले १९२७ मध्ये. म्हणजे जवळपास शतकभर तो दगड बिननावाचा पडून होता.

जगभरच्या संग्रहालयांत असे किती दगड असतील? आणि ते निरखून बघायला माणसं किती उरलीत?