झेंडा पडल्यावरचा काटा

रिमोटच्या गाड्यांच्या मातीवरच्या ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरच्या, शर्यतीत इथं अमेरिकेत एक नियम आहे. तो आधी खटकतो आणि मग डोक्यातून जात नाही. फायनलचा झेंडा पडला की पहिल्या तीन गाड्या थेट तपासणीच्या टेबलावर जातात. बॅटरी काढायची नाही, स्क्रू फिरवायचा नाही, गाडी जशी धावली तशीच काट्यावर ठेवायची. ठरलेल्या वजनापेक्षा आठ ग्रॅम कमी भरली तर पहिला नंबर गेला. मग गाडी क्लबच्या अध्यक्षाची असो नाहीतर बारा वर्षांच्या पोराची. क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या पात्रता फेऱ्यांत, असं झालं तर ती फेरी जाते, फायनलमध्ये सगळंच जातं. कुणी आवाज चढवत नाही, कारण वाद घालायचा तो काट्याशी.

आपल्याकडं शिस्त नाही, असं इथले काही आपलेच लोक म्हणतात. ते मला मान्य नाही. कुस्तीत वजन करूनच गट ठरतो, आणि कोल्हापूरच्या पोराला ते कुणी शिकवायला नको. फरक एवढाच, की पैलवानाचं वजन कुस्तीआधी होतं आणि इथं गाडीचं धावून आल्यावर होतं. या ‘नंतर’मुळंच सगळी गंमत बदलते.

गाडी ओव्हलवर फक्त डावीकडं वळते, म्हणून भार उजव्या चाकांवर जातो. तो सावरायला शिशाचे तुकडे चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, डाव्या बाजूला चिकटवतात. तुकडा नुसत्या दुहेरी टेपवर ठेवला आणि खाली तेलाचा किंवा पाण्याचा अंश राहिला, तर दोन-तीन धडकांत तो मातीत पडलाच म्हणून समजा. जागा स्पिरिटनं पुसायची, तुकडा दाबून बसवायचा आणि वरून आडवी मजबूत टेप मारायची. दुसरी चूक बॅटरीची. आखूड पॅक साधारण 200 ग्रॅमचा, लांब पॅक त्याहून शंभरेक ग्रॅमनं जड. लांब पॅकवर वजन जुळवलं आणि फायनलला आखूड पॅक घातला, की हिशेब गडगडला. तिसरी चूक चिखलाची, आणि ती भल्याभल्यांची होते. सकाळी ओली माती चॅसीला थरानं चिकटलेली असते, तेव्हा पास झालेली गाडी रात्री कोरड्या ट्रॅकवरून उतरल्यावर कमी भरते. म्हणून गाडी धुऊन, सगळ्यात हलका पॅक घालून तोलायची आणि वर 25-30 ग्रॅम हातचे ठेवायचे. एवढ्या वजनानं वेग मरत नाही.

बाकीची तपासणी शर्यतीआधी होते. दोन सेलचा लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पॅक कडक कवचाचा हवा आणि बहुतेक ठिकाणी 8.40 व्होल्टच्या वर चालत नाही. आपला मीटर 8.40 दाखवतो आणि क्लबचा 8.42, असं होतंच. खरा मीटर क्लबचा. सकाळीच आपला पॅक त्यांच्या मीटरवर बघून घ्यायचा आणि चार्जरला सोय असेल तर सेलमागे 4.19 लावायचं. स्टॉक गटात 17.5 टर्नची (तारेच्या वेढ्यांची) ब्रशलेस मोटर असते आणि मोटरला वीज पुरवणाऱ्या स्पीड कंट्रोलरनं टायमिंग, म्हणजे वीज किती आधी द्यायची ते, वाढवायला बंदी असते. ते बंद आहे की नाही हे बघायची रीत फार साधी आहे: गाडी उभी असताना कंट्रोलरचा दिवा लुकलुकला पाहिजे. म्हणून या गटाचं नावच ‘ब्लिंकी’, लुकलुकणारा. मोटरच्या मागच्या झाकणावरचं टायमिंग मात्र हातानं फिरवता येतं. तिथं हाव नडते. टायमिंगही वाढवलं आणि पिनियनचा (मोटरवरच्या लहान दातेरी चाकाचा) दातही वाढवला, की मोटर तापते, 75 अंशांच्या वर गेली की चुंबक कमजोर होऊ लागतं आणि पुढच्या फेरीत गाडी मंदावते. पकड वाढवायला टायरला औषध चोळायची बंदी असेल तर ते नाकानं पकडतात. त्या औषधांत बऱ्याचदा विंटरग्रीनचा वास असतो, आपल्याकडं पाठ दुखल्यावर लावायच्या मलमाचा असतो तोच.

आता क्वालिफायिंग. इथं दुसऱ्याशी झुंज नसते. एकेक गाडी सेकंदभराच्या अंतरानं सोडतात आणि प्रत्येकीचं घड्याळ ती स्वतः रेषा ओलांडते तेव्हा सुरू होतं. मागून येणारा वेगवान असेल तर बाजू द्यायची, कारण त्याला अडवून तुमचा काहीच फायदा नाही. एक फेरी चार मिनिटांची. ती संपली तरी चालू फेरा, म्हणजे ट्रॅकची चालू प्रदक्षिणा, पुरा करायचा. निकाल लिहितात तो ‘22 फेरे, 4:00.9’ असा. आधी फेरे बघायचे, ते सारखे असतील तर वेळ.

इथलं गणित नीट समजून घ्या. सरासरी 10.95 सेकंदांचा फेरा मारणाऱ्याचे 22 फेरे 240.9 सेकंदांत होतात, म्हणजे चार मिनिटं उलटून गेलेली असतात आणि त्याचा खेळ तिथंच थांबतो. 10.90 मारणारा तेच 22 फेरे 239.8 सेकंदांत उरकतो. घड्याळ अजून चालू आहे, त्याला तेविसावा फेरा मिळतो आणि तो 4:10.7 ला संपवून वर जातो. फेऱ्यामागे पाच शतांश सेकंद, आणि निकालात अख्ख्या एका फेऱ्याचा फरक! म्हणूनच एकदा गाडी उलटली आणि तीन सेकंद गेले, तर उरलेल्या वेळात जोर मारायचा नसतो. एक रेषा धरून फिरत राहायचं.

पण माती दिवसभर एकसारखी राहत नाही. पहिल्या फेरीत ओली, मग घट्ट, मग रबर बसून काळी चकचकीत. नुसता सर्वोत्तम वेळ धरला तर चांगली माती मिळालेल्याचं फावतं. म्हणून अनेक ठिकाणी प्रत्येक फेरीचे वेगळे गुण असतात: पहिल्याला 0, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 3. तीन फेऱ्यांतल्या चांगल्या दोन धरायच्या आणि ज्याचे गुण कमी तो पुढे. माती पकडीत राहावी म्हणून काही ट्रॅकवर साखरेचं पाणीसुद्धा मारतात. कोल्हापूरच्या गुळाच्या बाजारपेठेत वाढलेल्यांना हे वाचून हात शिवशिवतील, ठाऊक आहे.

आणखी एक. आपली फेरी झाली की पुढच्या फेरीत उलटलेल्या गाड्या सरळ करायला ट्रॅकवर उभं राहायचं. गेला नाहीत तर तुमची सर्वात चांगली फेरी रद्द. नियम कडक आहे आणि रास्त आहे.

इथलं सगळंच कौतुकाचं नाही. रोअर ही देशपातळीवरची संघटना 1967 पासून आहे, तरी मातीच्या ओव्हलवर गावागणिक नियम वेगळे. या गावात पास झालेला स्पॉयलर (गाडीच्या मागची उभी पट्टी) पुढच्या गावात उंच ठरतो. तासभर गाडी चालवून जायचं आणि टेबलावर कात्री मागायची, याला काय अर्थ आहे?

कोल्हापुरात हे सुरू करायचं तर सामान आपल्या दारात आहे. कार्टिंगचा ट्रॅक आपल्याकडं आहेच, मोटारीचा नाद नवा नाही. गाडी आत सरकवून रुंदी-उंची तपासायची पेटी इथं पत्र्याची किंवा प्लास्टिकची असते, कडा वाकलेल्या. आपल्या कारखान्यांच्या उद्यमनगरातला कुठलाही फिटर ती 3 मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पत्र्यातून काटकोनात करून देईल, इथल्यापेक्षा सरस. काटा एक ग्रॅमचा पुरे, गुजरीतून, सोनारांच्या पेठेतून, कुणाचंही प्रमाणित वजन आणून आधी पडताळायचा. मात्र पेटी, काटा आणि मीटर तिन्ही वस्तू सकाळी पहिल्या सरावापासून उघड्या टेबलावर हव्यात. ज्याला हवं त्यानं, हवं तितक्या वेळा गाडी ठेवून बघावी. संध्याकाळी त्याच काट्यावर, त्याच जागी, त्याच पेटीतून गाडी जायची आहे, हे ज्याला सकाळी दिसलं तो रात्री भांडायला येत नाही.