बुडाला गेलं किती?

निपाणीतील ज्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो, तेथील बहुतेक मुले वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या ऊसकरी घरांतली असल्यामुळे मातीतील सेंद्रिय कर्ब मोजण्याचे प्रात्यक्षिक त्यांना परके वाटत नाही. एक ग्रॅम मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालायचे, अर्धा तास थांबायचे आणि उरलेले डायक्रोमेट ब्युरेटमधल्या फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचे. द्रावणाचा निळसर जांभळा रंग शेवटच्या एका थेंबासरशी हिरवागार होतो, तेवढीच काय ती त्यातली गंमत. गेल्या पावसाळ्यात मात्र त्या अर्ध्या तासाच्या खोळंब्यात एका मुलीने असा प्रश्न विचारला की, उरलेला सगळा तास अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रावर गेला.

चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडला, म्हणजे लोहाअभावी पाने पिवळी पडली, की तिचे वडील हिराकस (फेरस सल्फेट) फवारतात आणि पाने पुन्हा हिरवी होतात. तसेच हिराकस समुद्रात टाकून हवेतला कार्बन कमी करता येतो, असे तिच्या वाचनात आले होते. ते खरे आहे का, एवढेच तिला हवे होते.

निम्मे खरे आहे, असे मी सांगितले. दक्षिण महासागरात खोलातले जुने पाणी वर येत असल्याने नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक असतात. पण कोरड्या जमिनीवरची धूळ तिथवर फारशी पोहोचत नाही, त्यामुळे लोहाची टंचाई असते आणि लोहावाचून वनस्पती-प्लवकांची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषून वाढणाऱ्या पाण्यातल्या तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींची, वाढ खुंटते. जॉन मार्टिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने ही कल्पना १९८०च्या दशकाच्या अखेरीस नेटाने मांडली. तिची एक परीक्षा तर आपल्या शेजाऱ्यांनीच घेतली. चोर्ला घाट उतरून गेले की लागणाऱ्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने मिळून २००९ साली ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून दक्षिण महासागराच्या अटलांटिककडील भागात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात फेरस सल्फेट सोडले. प्रयोगाचे नाव होते ‘लोहाफेक्स’.

आमचे प्रयोगशाळा परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, शेजारच्या बेसिनमध्ये फ्लास्क विसळत होते. त्यांनी मान न वळवताच विचारले, “सर, हिरवं झालं ते झालं, पण बुडाला गेलं किती? का वरच्या वर खाऊन संपलं?”

या साऱ्या शास्त्राचा कणा तोच प्रश्न आहे, आणि तो पाठ्यपुस्तकाने नव्हे तर मामांनी काढला, याचे मला कौतुक वाटले. लोहाफेक्समध्ये प्लवक वाढले खरे, पण तेथील पाण्यात सिलिका फार कमी असल्याने सिलिकाचे जाड कवच असलेली डायटम नावाची सूक्ष्म शैवाले फोफावू शकली नाहीत. जे बारीक जीव वाढले ते कोपेपॉड या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांच्या तोंडी गेले, कोपेपॉडांना त्यांच्याहून मोठ्या अॅम्फिपॉडांनी गाठले, आणि श्वसनावाटे बहुतेक कर्ब वरच्या थरातच पुन्हा कार्बन डायऑक्साइड झाला. खाली गेला तो अगदी थोडा. याउलट २००४ साली त्याच जहाजावरून झालेल्या ‘आयफेक्स’ प्रयोगात सिलिका भरपूर होती. डायटम वाढले, मरताना एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले आणि त्या बहराचा किमान निम्मा भाग १,००० मीटरच्या खाली गेला. खोलीला एवढे महत्त्व अशासाठी की, शंभर मीटरवर कुजलेला कर्ब हिवाळ्यातल्या घुसळणीने पुन्हा वर येतो, तर हजार मीटरखाली गेलेल्याला परत यायला शतके लागतात.

बुडालेले मोजतात कसे, यावर मुले अडली. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या युरेनियमपासून थोरियम-२३४ हे किरणोत्सारी मूलद्रव्य सतत तयार होत असते. ते कणांना चिकटते आणि त्यांच्याबरोबर खाली जाते. वरच्या थरात ते हिशेबापेक्षा जितके कमी भरते, त्यावरून किती कण खाली गेले हे काढता येते. त्याचे अर्धायुष्य २४ दिवसांचे असल्याने ताज्या बहराचा हिशेब लागतो.

थंडीत काही कुजतच नसेल, असाही एकाचा तर्क होता. तसे नाही, उणे तापमानाच्या पाण्यातही जिवाणू काम करतात आणि तळाशीही खाणारे टपलेले असतात. २०१२ साली आर्क्टिक महासागराच्या मध्यभागी, सुमारे ४,००० मीटर खोल तळावर, बर्फाच्या खालच्या बाजूला वाढणाऱ्या मेलोसिरा शैवालाचे पुंजके पडलेले आढळले आणि समुद्रकाकड्या ते खात होत्या. “म्हणजे तिथंबी सोडत न्हाईत,” मामा म्हणाले.

मग सिलिका असेल तिथेच हिराकस टाकू या, असा त्या मुलीचा हट्ट होता. तेथे वापरले गेलेले नायट्रेट आणि फॉस्फेट उत्तरेकडे वाहत जाणाऱ्या पाण्यातून कमी होतील आणि दूरच्या समुद्रातली वाढ घटेल, हे मी तिला सांगितले. समुद्रात काही टाकण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या लंडन कराराच्या सदस्य देशांनी २००८ साली संशोधनाखेरीज असे खत टाकण्यास परवानगी देऊ नये असे ठरवले, तेही सांगितले. तो निर्णय मला योग्य वाटतो. तिला तो पटला नाही, आणि वर्ग सुटल्यावरही ती मामांशी त्यावरच वाद घालत उभी होती.